बाई, ट्रक आणि एक कॅसेट



गेले काही आठवडे आपण बायकांच्या गाण्यांचा इतिहास ऐकतो आहोत. आज एकाच कॅसेटबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव 'मन के मंजीरे'. मंजीरा म्हणजे आपला छोटा टाळ. तेव्हा मराठीत म्हणायचं तर 'मनाचे टाळ'. २००० साल संपून २००१ लागलं त्या सुमाराला ही कॅसेट बाजारात आली. गाणी हिंदी, गायिका शुभा मुद्गल. बायकांच्या स्वप्नांचा अल्बम अशी तिची ओळख करून दिली गेली होती.

हिंदी कॅसेटचं आपल्या कशेळीत काय काम, असं कुणी विचारेल. कारण असं की तिच्याबरोबर टीव्हीवर जी चित्रफीत आली, तिच्यात एक बाई ट्रक चालवते. आणि ट्रक म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. ठाण्याहून बाळकुम सोडलं, खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी, मग काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ. या जुन्या आग्रा रोडवर गोदामांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या दाराशी रात्रंदिवस ट्रक उभे आहेत. गोदामात माल निवडायला, खोकी बांधायला, चिकटपट्ट्या लावायला आपण असतो. ट्रकच्या मागच्या बाजूला आपण पुष्कळ जणी आहोत. पुढे, स्टिअरिंगच्या मागे, बाई दिसत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका गाण्याने ती तिथे बसवली. ती कशी बसली आणि पुढे काय झालं, ते आज सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. बाईने आपलं दुःख गाण्यात सांगणं ही काही टीव्हीने शिकवलेली गोष्ट नाही. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या अंधारात तेच करत होत्या. सासर, नवरा, माहेरची वाट, भाऊ, सगळं ओवीत यायचं. दिवसा तोंडातून जे काढता येत नसे ते जात्याच्या घरघरीत बोलता येत असे. पुण्याचे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या वाचायला मिळतात आणि काही ऐकायलाही मिळतात. आपल्या आगरी-कोळी समाजात तर लग्नच धवलारीण लावायची. ती धवले गाणार, एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकणार. मानाची जागा होती ती, आणि बाईची होती.

पण ओवी ऐकायला कोण असायचं? जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेली दुसरी बाई. ज्याच्याबद्दल ओवी असायची तो झोपलेला असायचा.

मग १९७५ साली मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. तिच्या ज्योती म्हापसेकर यांनी १९८३ साली 'मुलगी झाली हो' हे नाटक लिहिलं. मुलगी जन्मली म्हणून पडलेल्या तोंडांपासून ते हुंड्यापर्यंत सगळं त्यात होतं, आणि होतं ते गाण्यांमधून, ओळखीच्या चालींवर. काम करणाऱ्या बायका नटी नव्हत्या. कुणी नोकरीवाली, कुणी घर सांभाळणारी. मोठा मंच लागत नव्हता. चाळीचं अंगण चालायचं, शाळेचा वर्ग चालायचा. हजारो प्रयोग झाले, दुसऱ्या भाषांतही ते गेलं. त्याच १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम कायद्यात आलं. बायका रस्त्यावर होत्या, गाणी त्यांच्या तोंडी होती, आणि ती गाणी म्हणता म्हणताच कायदा आला.

तरी एक अडचण राहिलीच. नाटकाला जायचं तर घराबाहेर पडावं लागतं. जिला बाहेर पडू देत नाहीत तिच्यापर्यंत नाटक पोचायचं कसं? सभेचं पत्रक घरात आलं तर 'हे कशाला आणलंस' म्हणून विचारणारे असतातच. हे लक्षात ठेवा, कारण 'मन के मंजीरे'चं सगळं महत्त्व याच अडचणीत आहे.

१९९१ नंतर घराघरात केबल आली. चॅनेल व्ही आलं, एमटीव्ही आलं, आणि सिनेमात नसलेली गाणी पहिल्यांदाच इतक्या जोरात वाजू लागली. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' आलं. मराठीत १९९८ साली सौमित्र यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज असलेला 'गारवा' आला आणि पावसाळ्यात दुसरं काही ऐकूच येईना. कॅसेट स्वस्त होती. टपरीवर वाजायची, रिक्षात वाजायची, भिवंडीच्या यंत्रमागावर खडखडाटाच्या वर आवाज चढवून वाजायची. प्रेम होतं, पाऊस होता, नाच होता. त्या गाण्यांतली बाई मात्र बहुतेक वेळा नाचणारी किंवा वाट बघणारी.

याच बाजारात मल्लिका दत्त यांना शिरायचं होतं. या वकील. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये, तिथे राहणाऱ्या आपल्याकडच्या मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'सखी' ही संस्था ज्यांनी सुरू केली, त्यांच्यापैकी त्या एक. नंतर दिल्लीत फोर्ड फाउंडेशनमध्ये काम केलं. परिसंवाद, अहवाल, कार्यशाळा हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं. तिथे येणाऱ्यांना आधीच सगळं पटलेलं असतं, हेही पाहिलं होतं. ज्यांना पटलेलं नाही ते संध्याकाळी काय करतात? टीव्ही बघतात. मग तिकडेच जायला हवं. हिंसेवरचा अल्बम म्हटल्यावर कॅसेट कंपन्यांनी हात वर केले. बायकांच्या प्रश्नावरची गाणी कोण विकत घेणार, हा त्यांचा सवाल. शेवटी व्हर्जिन रेकॉर्ड्सने तो काढला. त्याच कामातून दत्त यांची 'ब्रेकथ्रू' ही संस्था उभी राहिली. म्हणजे आधी गाणं, मग संस्था. आपल्याकडे बहुतेक उलटं असतं.

गाणी करणारे तिघं एकमेकांना ओळखत होते. शब्द प्रसून जोशी यांचे, चाली शंतनू मोइत्रा यांच्या, गळा शुभाताईंचा. याच तिघांचं 'अब के सावन' १९९९ साली गाजलं होतं. जोशी आणि मोइत्रा दोघेही जाहिरातीच्या जगातले. अर्ध्या मिनिटात माणसाला थांबवायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. शुभा मुद्गल ख्याल-ठुमरीच्या पक्क्या तालमीतल्या. २००० सालीच त्यांना पद्मश्री मिळाली. अशा गायिकेने पॉप गावं का, असं म्हणणारे जाणकार तेव्हा होते. आम्हाला विचाराल तर बरं झालं त्यांनी ऐकलं नाही. तो भरदार, जरासा खरखरीत आवाज ऐकताना कुणी लाडिक बाई समोर येत नाही. उन्हात काम करून आलेली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावणारी बाई समोर येते.

आणि सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हा की रडायचं नाही. हिंसेवरचं गाणं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फुटलेल्या बांगड्या, काळा-निळा डोळा, मागे सारंगी. ते बघून आपण चुकचुकतो आणि चॅनेल बदलतो. या गाण्यात मन उडतं, वाजतं, स्वतःची ओळख स्वतःला होते. मारहाण आहे, पण ती मागे पडलेली आहे. ऐकणारीला दया येत नाही, हेवा वाटतो. हेव्याने बाई जेवढी हलते तेवढी दयेने हलत नाही, असं आमचं मत.

आता चित्रफीत. मीता वशिष्ठ यांनी त्यात काम केलं आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बाई लेकीला घेऊन घर सोडते आणि ट्रक चालवू लागते. पुढे आणखी बायका तिच्या ट्रकमध्ये चढतात आणि सगळ्या मिळून निघतात. एवढीच गोष्ट. पण ती कुणाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. गुजरातमधल्या एका बाईची खरी हकीकत तिच्यामागे होती. तिने त्रासाचा संसार सोडला, एका संस्थेच्या मदतीने गाडी चालवायला शिकली आणि त्यावर घर चालवलं.

इथे थोडं थांबायला हवं. गाण्यात बाई एका क्षणात स्टिअरिंगवर बसते. खऱ्या आयुष्यात आधी शिकवणारं कुणीतरी लागतं, लायसन लागतं, लायसनसाठी कागद लागतात, आणि पहिली गाडी हातात देणारा माणूस लागतो. त्या गुजरातच्या बाईला हे सगळं करून देणारे हात होते, म्हणून गाणं झालं. आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव. कल्याणच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत शिकल्या, १९८९ साली सहायक चालक झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. एप्रिल २००० मध्ये मध्य रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल लोकल त्यांनीच चालवली. म्हणजे टीव्हीवरची बाई ट्रक घेऊन निघाली त्याच्या जरा आधी, इथून हाकेच्या अंतरावर, खरीखुरी बाई अख्खी लोकल घेऊन निघाली होती. तिच्यावर पॉपचं गाणं कुणी केलं नाही ती गोष्ट वेगळी. एसटीच्या चालकाच्या जागी बाई बसायला मात्र २०२३ साल उजाडावं लागलं.

चित्रफितीला २००१ साली स्क्रीनचा पुरस्कार मिळाला, एमटीव्हीच्या पुरस्कारासाठीही ती नामांकनात होती. संगीताच्या वाहिन्यांवर ती दिवसातून कितीदा तरी लागायची. आणि इथेच ती मघाची अडचण सुटली. बाईला घराबाहेर पडावं लागलं नाही. गाणंच घरात आलं. नवरा खाटेवर बसलेला, सासूबाई भाजी निवडत असलेल्या, आणि पडद्यावर एक बाई घर सोडून चालली आहे. कुणी काही बोलत नाही, पण बघतात सगळे. 'हे कशाला लावलंस' म्हणायची सोय नाही, कारण ते तिने लावलेलं नाही, ते आपोआप लागलं आहे.

याच अल्बममधलं दुसरं गाणं 'बाबुल'. आमच्या मंडळात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते यावर. लेक बापाशी बोलते आहे, लग्नाआधी. मला सोन्याच्या घरी देऊ नको, धनाच्या घरी देऊ नको, राजाच्या घरीही नको, असं ती विनवते. मग कुठे देऊ? तर लोहाराच्या घरी दे. का? तर माझ्या पायातल्या बेड्या वितळवणं फक्त त्यालाच जमेल.

लेकीने बापाला उद्देशून गायचं ही उत्तरेकडची जुनी रीत. आपल्याकडेही पाठवणीची गाणी आहेतच. त्यांत लेक रडते, आई रडते, मांडव रडतो. पण लेक आपली अट सांगते असं गाणं आम्ही आठवून पाहिलं, पटकन कुणाला आठवेना. जुन्या रीतीच्या गाण्यात नवा माल भरला, आणि तो इतका बेमालूम की म्हाताऱ्या बाईलाही परका वाटत नाही. गोदामात काम करणारी एक मावशी ऐकून म्हणाली, "सोनं घालून पाठवली मला. चार वर्षांत सगळं विकलं. लोहार असता तर निदान भाता तरी उरला असता." सगळ्या हसल्या. तीही हसली.

एक जण मात्र वेगळं बोलली, आणि ते आम्हाला पटलं. ती म्हणाली, "पण शेवटी बापालाच विचारते ना ती? बेड्या तोडायलाही पुन्हा नवराच पाहिजे?" बरोबर आहे. पहिल्या गाण्यातली बाई स्वतः स्टिअरिंग धरते, दुसऱ्यातली अजून अंगणात उभी राहून बापाची मनधरणी करते. एकाच कॅसेटवर या दोघी आहेत. आपल्या घरातही त्या दोघी असतात, आणि कधी कधी एकाच बाईत असतात.

गाडीत बसून निघून जाण्याचं स्वप्न फक्त आपल्याकडच्या बायकांनी पाहिलं असंही नाही. १९८८ साली अमेरिकेत ट्रेसी चॅपमन या काळ्या गायिकेचा पहिला अल्बम आला. त्यातलं 'फास्ट कार' हे गाणं गरिबीतून गाडीत बसून सुटू पाहणाऱ्या बाईचं आहे. त्याच वर्षी नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम लंडनला झाला, तिथे एकटी गिटार घेऊन ती ते गायली आणि जगाला माहीत झाली. पण आम्हाला तिचं दुसरं गाणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं नाव 'बिहाइंड द वॉल', म्हणजे भिंतीमागे. वाद्य एकही नाही, नुसता आवाज. शेजारच्या घरातली मारहाण रात्री ऐकू येते, आणि पोलीस आले तर उशिरा येतात, आले तरी काही करत नाहीत, असं ते गाणं सांगतं. त्या गाण्यात सगळ्यात अस्वस्थ आहे ती ऐकणारी शेजारीण.

शेजारीण म्हटलं की पुढची गोष्ट सांगावीच लागते. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. ४९८ अ मध्ये नवऱ्याला शिक्षेची तरतूद होती, पण ती रात्र बाईने कुठे काढायची याचं उत्तर नव्हतं. नव्या कायद्याने दिलं: राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैसे अडवणं, हेही हिंसेत आलं. संरक्षण अधिकारी आले. ट्रक घेऊन निघून जाणाऱ्या बाईला गाणं मिळालं होतं. जिला निघून जायचं नाही, आपल्याच घरात सुखाने राहायचं आहे, तिला कायदा मिळाला.

पण कायदा कुणाला माहीत? २००८ साली 'ब्रेकथ्रू'ने पुन्हा टीव्हीचाच रस्ता धरला. 'बेल बजाओ' मोहीम. बोमन इराणी यांचा चेहरा त्यात होता. जाहिराती साध्या. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एक माणूस उठतो, बेल वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो. दुसऱ्या जाहिरातीत मुलं क्रिकेट थांबवून बेल वाजवतात आणि बॉल मागतात. दार उघडणाऱ्याला कळतं की बाहेर ऐकू जातं आहे. बस, तेवढंच. भाषण नाही, पोलीस नाहीत. चित्ररथाच्या गाड्या गावोगाव फिरल्या, महाराष्ट्रातही फिरल्या.

या मोहिमेत आम्हाला आवडलं ते हे की बोलणं पुरुषाशी होतं. आठ वर्षांपूर्वीच्या गाण्यात बाईने एकटीने निघून जायचं होतं. इथे शेजाऱ्याने उठायचं आहे. मधल्या काळात त्या लोकांनी काहीतरी शिकून घेतलं असणार.

आता आपल्याकडचं बघा. नव्या इमारतींत बेल आहे. गोदामामागच्या खोल्यांना बेल कुठली? पत्र्याचं दार आणि कडी. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांना भिंतीपलीकडचं ऐकूच येत नाही, आणि जिथे ऐकू येतं तिथे 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा' हे ठरलेलं उत्तर. पण आमच्या ओळखीच्या एका आळीत बायकांनी आपली रीत काढली आहे. आवाज आला की कुणीतरी जाऊन "वहिनी, विरजण आहे का?" म्हणून हाक मारते. रात्री अकरा वाजता विरजण कुणाला लागतं? कुणालाच नाही. पण हाक जाते. ही रीत त्यांनी जाहिरात बघून घेतली की स्वतःच शोधली, हे त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, आमच्या सासूच्या वेळेपासून आहे.

मग त्या कॅसेटचं मागे काय राहिलं? खरं बोलायचं तर कॅसेट राहिली नाही. दोन-चार वर्षांत सिनेमाच्या गाण्यांनी पॉपला गिळलं, मग सीडी आली, मग मोबाइल. २००२ साली वैशाली सामंतच्या 'ऐका दाजिबा'वर सगळा महाराष्ट्र नाचला, तेव्हा 'मन के मंजीरे' मागे पडलेलंच होतं. प्रसून जोशी आणि शंतनू मोइत्रा सिनेमात गेले, मोठे झाले. आज आपल्याकडच्या हळदीला जे वाजतं त्यात नवरी गोरी आहे, तिचा नखरा आहे, तिची साडी आहे. ठेका झकास असतो, आम्हीही नाचतो. पण नवरीला काय पाहिजे, हे त्या गाण्यांत कुणी विचारत नाही. धवलारीण निदान तिचं नाव घेऊन, तिच्या माहेराचं नाव घेऊन गायची.

आणि मारहाण? ती थांबली असं कुणी म्हणू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशभरात सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात साधारण चारातली एक. सांगणाऱ्या एवढ्या, न सांगणाऱ्या वेगळ्या. गाण्याकडून हा आकडा खाली आणण्याची अपेक्षा करणं म्हणजे टाळ वाजवून नांगरणी होईल म्हणण्यासारखं आहे. पण वीस जणींना ते गाणं ऐकवलं तेव्हा संपल्यावर पहिला प्रश्न आला तो चालींबद्दल किंवा मीता वशिष्ठबद्दल नव्हता. एका पोरीने विचारलं, "ट्रकचं लायसन काढायला किती शिकलेलं लागतं?" मग रिक्षाचं निघालं, मग टेंपोचं, मग काल्हेरला शिकवणी कुठे आहे ते. गाणं कुठल्या कुठे राहिलं. तासभर तेच चाललं होतं.

तर त्या पोरीसारखे प्रश्न ज्यांना आहेत त्यांच्यासाठी पुढच्या बुधवारी गाडीच्या लायसनची सगळी माहिती देणारा भाग आहे, कागदांसकट. घरात त्रास असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र लागतो, फुकट लागतो. लिहून ठेवा, आणि भिंतीवर नको असेल तर पिठाच्या डब्याच्या झाकणाआड लिहा. आणखी एक. कशेळी, काल्हेर, कोपर या बाजूला ज्यांच्या आजीला, आत्याला, सासूबाईंना जुने धवले पाठ आहेत त्यांनी आम्हाला कळवा. आम्ही घरी येऊन आवाज टिपून घेऊ. पूर्ण पाठ नसला तरी चालेल, जेवढा आठवतो तेवढा.